इंग्रजी तुमन्तानंतर येणारी क्रियाविशेषणे व गौणवाक्ये

इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषणाने कोठे बसावे, याविषयीचे नियम आपल्याकडील शालेय व्याकरणांत थोडक्यात सांगितलेले असतात. ते नियम देताना वाक्यात क्रियापद एकच आहे आणि क्रियाविशेषण कोणाचे याविषयी शंका नाही, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष लेखनात मात्र पूर्ण क्रियापदाच्या पाठोपाठ 'टु गो', 'टु रीड', 'टु प्रोव्हाइड' अशा प्रकारचे दुसरे क्रियारूप वारंवार येते. त्याच्यामागून एखादे क्रियाविशेषण येते, आणि कित्येकदा एक संपूर्ण गौणवाक्यही येते. अशा वेळी शेवटी आलेला हा मजकूर पहिल्या क्रियापदाचा की दुसऱ्या क्रियारूपाचा, असा प्रश्न उपस्थित होतो. वाचणाऱ्याला तो बहुधा जाणवत नाही. कारण प्रसंगावरून अर्थ लावून तो पुढे जातो. भाषांतर करणाऱ्याची मात्र यातून सहजासहजी सुटका नाही. मराठी वाक्याची ठेवण निराळी असल्यामुळे त्याला बहुतेक वेळा निवड करावीच लागते, आणि ती चुकली तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहूनही अर्थ पालटतो.

या रचनेचे नियम कोणते, तिच्यातील संदिग्धता कोठून उत्पन्न होते आणि ती कशी ओळखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. इंग्रजी व्याकरणात ज्याला 'इन्फिनिटिव्ह' म्हणतात, त्याला येथे 'तुमन्त' ही संज्ञा योजिली आहे. संस्कृतातील 'कर्तुम्', 'गन्तुम्' ही तुमन्त रूपे मुख्यतः हेतू दाखवतात. इंग्रजी रूपाचे कार्यक्षेत्र त्याहून विस्तृत आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे ही संज्ञा सोयीची वाटेल.

१. तुमन्ताचे स्वरूप

इंग्रजी तुमन्त हे मुळात क्रियेचे नाम होते. प्राचीन इंग्रजीत 'लिहिणे' या अर्थी 'व्रीतन' असे रूप असे; आणि 'लिहिण्यासाठी' असा अर्थ सांगावयाचा असता त्याच्या आधी 'तो' हे अव्यय ठेवून 'तो व्रीतेन्ने' असे चतुर्थ्यन्त रूप योजीत. आपल्या 'लिहावयास' या रूपाशी या रचनेचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. तेथेही क्रियावाचक रूपाला चतुर्थीचाच प्रत्यय लागला आहे. फरक इतकाच की मराठीत संबंध दाखवणारा अंश शब्दाच्या शेवटी जडला, इंग्रजीत तो शब्दाच्या आधी सुटा राहिला. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत शेवटचे प्रत्यय झिजून गेले, 'टु'चा 'कडे', 'साठी' हा मूळ अर्थ पुष्कळ ठिकाणी लोपला, आणि ते केवळ तुमन्ताची खूण म्हणून उरले. 'कॅन', 'मे', 'विल' या साहाय्यक क्रियापदांनंतर, तसेच 'लेट', 'मेक' यांच्यानंतर हीच खूण गळते. यावरून 'टु' हा तुमन्ताचा अविभाज्य अवयव नव्हे, असे ऑटो जेस्पर्सन यांनी प्रतिपादन केले. त्यांचे इंग्रजी व्याकरणावरील सात खंडांचे कार्य १९०९ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाले. हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

मूळ नाम असूनही आजच्या तुमन्ताचे वर्तन क्रियापदाचे आहे. त्याला कर्म घेता येते, क्रियाविशेषण घेता येते, आणि गौणवाक्यही घेता येते. मराठी 'णे'कारान्त रूपाचेही तसेच आहे. 'लवकर उठण्याने प्रकृती सुधारते' या वाक्यात 'उठण्याने' हे तृतीयान्त नाम असले तरी त्याच्या आधीचे 'लवकर' हे क्रियाविशेषणच राहते. क्रियापदाचे एक लक्षण मात्र तुमन्ताजवळ नाही: त्याला स्वतःचा काळ नाही. 'टु हॅव गॉन' यासारखे रूप पूर्वीची क्रिया दाखवते, पण ती कशाच्या पूर्वीची, हे मुख्य क्रियापदावरूनच ठरते. स्वतःचा परिवार आहे पण स्वतःचा काळ नाही, या दोन गोष्टींच्या संयोगातून पुढील बहुतेक अडचणी निर्माण होतात.

२. क्रियाविशेषणाची स्थाने

तुमन्ताच्या संदर्भात क्रियाविशेषणाला तीन जागा मोकळ्या असतात: 'टु'च्या आधी, 'टु' व धातू यांच्या मध्ये, आणि धातूनंतर. यांपैकी तिसरी जागा सर्वांत स्वाभाविक होय. तुमन्त अकर्मक असेल तर क्रियाविशेषण त्याला लागूनच येते: 'टु वॉक स्लोली', म्हणजे सावकाश चालणे. तुमन्त सकर्मक असेल तर कर्म आधी व क्रियाविशेषण मागाहून: 'टु रीड द लेटर केअरफुली'. कर्म व धातू यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालून 'टु रीड केअरफुली द लेटर' असे म्हणणे इंग्रजी कानाला खटकते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी सरकते आणि क्रियाविशेषण धातूला लागून बसते. 'टु रीड केअरफुली ऑल द लेटर्स दॅट हॅड कम ड्युरिंग द इयर' ही रचना निर्दोष आहे. वाक्यातील जड भाग शेवटी ठेवावा, ही इंग्रजीची सर्वसाधारण प्रवृत्ती येथे दिसते. अशा रचनेत धातू आणि त्याची पूर्ती यांच्या मध्ये जे सापडते ते त्या धातूचेच असते. मुख्य क्रियापदाला तेथपर्यंत हात पोहोचवता येत नाही. हा नियम कायद्याच्या भाषेत किती मोलाचा ठरतो, हे पुढे सहाव्या भागात दिसेल.

तुमन्ताचे कर्म हे स्वतःच एक नामवाक्य असेल तर वरील अपवाद जवळजवळ नियम होतो. 'ही वॉन्टेड टु से दॅट द वर्क हॅड बीन डन क्लिअरली' या वाक्यात 'क्लिअरली' हे 'डन'कडे जाते. काम स्पष्टपणे झाले होते, असा काहीसा विचित्र अर्थ निघतो. स्पष्टपणा 'सांगण्या'चा असेल तर 'टु से क्लिअरली दॅट' असेच म्हणावे लागते. म्हणजे कर्म नाम असता क्रियाविशेषण कर्मानंतर, आणि कर्म वाक्य असता क्रियाविशेषण कर्माआधी, अशी व्यवस्था आहे. आपल्याकडील विद्यार्थी पहिला नियम पाठ करतो आणि तो दुसऱ्या ठिकाणीही लावतो. त्यामुळे त्याचे क्रियाविशेषण गौणवाक्याच्या पोटात जाऊन हरवते.

नकाराची गोष्ट निराळी. 'नॉट' हे बहुधा 'टु'च्या आधी येते आणि त्याच्या जागेने अर्थ स्पष्ट ठरतो. 'ही डिड नॉट ट्राय टु लाफ' म्हणजे त्याने हसण्याचा प्रयत्न केला नाही. 'ही ट्राइड नॉट टु लाफ' म्हणजे न हसण्याचा त्याने प्रयत्न केला. मराठीत हाच भेद 'केला नाही' आणि 'न हसण्याचा' या दोन भिन्न नकारांनी दाखवला जातो.

३. दोन क्रियापदांमधील क्रियाविशेषण

आता पूर्ण क्रियापद व तुमन्त एकत्र आले की काय होते ते पाहू. पुढील चार वाक्यांत शब्द तेच आहेत, फक्त 'क्विकली'ची जागा बदलली आहे.

(अ) ही क्विकली डिसायडेड टु लीव्ह.
(आ) ही डिसायडेड क्विकली टु लीव्ह.
(इ) ही डिसायडेड टु क्विकली लीव्ह.
(ई) ही डिसायडेड टु लीव्ह क्विकली.

पहिल्या वाक्यात निर्णय झटपट झाला. तिसऱ्यात निघणे झटपट व्हावयाचे आहे. या दोहोंविषयी संशय नाही. दुसऱ्या वाक्यातील क्रियाविशेषण दोन्ही बाजूंना पाहते. बोलताना विराम कोठे घेतला यावर अर्थ ठरतो, आणि लेखनात विराम दिसत नाही. चौथे वाक्य तत्त्वतः दोन्ही अर्थांचे आहे, परंतु वाचक बहुधा 'क्विकली' हे 'लीव्ह'शी जोडतो. या प्रवृत्तीची मीमांसा अलीकडील भाषामानसशास्त्राने केली आहे. नवा शब्द वाक्यरचनेत शक्यतो सर्वांत शेवटच्या, म्हणजे नुकत्याच वाचलेल्या घटकाशी जोडला जातो, असे तत्त्व जॉन किंबल यांनी १९७३ मध्ये मांडले. त्यानंतर लिन फ्रेझियर व जॅनेट फोडर यांनी १९७८ मध्ये वाचकाच्या स्मरणशक्तीच्या मर्यादेशी त्याची सांगड घातली. हा कल आहे, नियम नव्हे. 'ही डिसायडेड टु लीव्ह यस्टर्डे' या वाक्यात 'यस्टर्डे' शेवटी असूनही 'डिसायडेड'कडे जाते. कारण काल निघण्याचे आज ठरवता येत नाही. येथे जवळिकीवर अर्थाने मात केली.

४. दुभंगलेल्या तुमन्ताचा प्रश्न

वरील चार वाक्यांपैकी तिसरे वाक्य अर्थाने सर्वांत नेमके आहे, आणि अनेक पिढ्यांच्या शिक्षकांनी लाल शाईने खोडले तेही तेच. 'टु' आणि धातू यांच्यामध्ये शब्द घालणे यालाच दुभंगलेला तुमन्त म्हणतात. ही रचना अर्वाचीन नव्हे. मध्ययुगीन इंग्रजीत ती आढळते, आणि पंधराव्या शतकातील बिशप रेजिनाल्ड पेकॉक यांच्या गद्यात तर ती विपुल आहे. तिच्याविरुद्धचा निर्बंध एकोणिसाव्या शतकातील होय. हेन्री ॲल्फर्ड यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात, इंग्रजी बोलणारे व लिहिणारे 'टु'ला धातूपासून अविभाज्य मानतात, या कारणाने तिचा निषेध केला. जेस्पर्सन यांचे वर उल्लेखिलेले मत या कारणाच्या मुळावरच येते. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात मध्यम मार्ग सुचवला: शक्य तेथे दुभंग टाळावा; परंतु तो टाळण्यासाठी वाक्य संदिग्ध किंवा कृत्रिम होत असेल तर दुभंगच पत्करावा.

फाउलर यांच्या म्हणण्यातील व्यवहार पुढील जोडीवरून स्पष्ट होईल. 'ही फेल्ड टु कम्प्लीटली अंडरस्टँड द क्वेश्चन' म्हणजे त्याला प्रश्न पूर्णपणे समजला नाही. काही अंशी समजला. 'ही कम्प्लीटली फेल्ड टु अंडरस्टँड द क्वेश्चन' म्हणजे त्याला प्रश्न मुळीच समजला नाही. परीक्षकाच्या अहवालात हे वाक्य आले तर या दोन अर्थांत विद्यार्थ्याचे किती गुण आहेत हे सांगावयास नको. दुभंग टाळण्याच्या हट्टाने 'ही फेल्ड कम्प्लीटली टु अंडरस्टँड' असे लिहिणारा लेखक पहिल्या अर्थाकडून नकळत दुसऱ्याकडे जातो. काही ठिकाणी तर दुसरी जागाच नसते: 'टु मोअर दॅन डबल इट्स आउटपुट', म्हणजे उत्पादन दुपटीहून अधिक करणे, यातील 'मोअर दॅन' अन्यत्र हलवता येत नाही.

या निर्बंधाची छाया केवळ 'टु'युक्त तुमन्तापुरती राहिली नाही. साहाय्यक क्रियापद आणि त्यानंतरचे केवल तुमन्त यांच्यामध्येही शब्द नको, असे काही शैलीकार मानू लागले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची शपथ तेथील संविधानात शब्दशः दिलेली असून तीत 'फेथफुली' हे क्रियाविशेषण 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्या मध्ये आहे. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ते शेवटी नेले, आणि संशय राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी शपथविधी पुन्हा करण्यात आला. रॉबर्ट्स यांच्या मनात रुजलेल्या या शैलीनियमाचाच हा परिणाम असावा, असा तर्क भाषामानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्याच आठवड्यात मांडला होता. तर्क मान्य होवो वा न होवो, क्रियाविशेषणाची जागा हा केवळ अलंकरणाचा विषय नाही, एवढे या प्रसंगावरून दिसते.

५. गौणवाक्यांची जोड आणि काळाचा प्रश्न

तुमन्तानंतर येणारे गौणवाक्य दोन प्रकारचे असू शकते. एक, तुमन्ताचे कर्म असलेले नामवाक्य: 'टु नो दॅट', 'टु आस्क व्हेदर' इत्यादी. दोन, काल, कारण, अट वगैरे दाखवणारे क्रियाविशेषणवाक्य: 'व्हेन', 'बिकॉज', 'इफ', 'अन्टिल' यांनी आरंभ होणारे. नामवाक्य तुमन्तालाच बांधलेले असते. क्रियाविशेषणवाक्य मात्र मुख्य क्रियापदाचेही असू शकते. त्यात 'व्हेन'सारखा शब्द दोन्ही प्रकारच्या वाक्यांच्या आरंभी येत असल्यामुळे गुंतागुंत वाढते. पुढील साधे वाक्य घ्या:

शी वॉन्टेड टु टेल हिम व्हेन द ट्रेन लेफ्ट.

याचे तीन अर्थ संभवतात. गाडी केव्हा सुटते हे तिला त्याला सांगावयाचे होते, हा पहिला. येथे 'व्हेन'चे वाक्य 'टेल'चे कर्म आहे. गाडी सुटेल तेव्हा त्याला काही सांगावे अशी तिची इच्छा होती, हा दुसरा. येथे तेच वाक्य 'टेल'चे क्रियाविशेषण आहे. गाडी सुटली तेव्हा तिला त्याला काही सांगावेसे वाटले, हा तिसरा. येथे ते 'वॉन्टेड'चे क्रियाविशेषण आहे. इंग्रजीतील एका शब्दालाही धक्का न लावता हे तीन अर्थ निघतात, आणि मराठीत त्यांची तीन वेगळी वाक्ये होतात.

या तीन मराठी वाक्यांतील क्रियापदे पाहावी: 'सुटते', 'सुटेल', 'सुटली'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'लेफ्ट' हा भूतकाळ आहे. याचे कारण असे की तुमन्ताला काळ नसल्यामुळे त्याच्या आश्रयाने आलेल्या गौणवाक्याला आपला काळ त्याच्याकडून घेता येत नाही. तो वरच्या मुख्य क्रियापदाकडून घ्यावा लागतो. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर गौणवाक्यही, त्यातील घटना अजून घडावयाची असली तरी, भूतकाळी होते. मराठीत अशी काळांची अनुवृत्ती सहसा होत नाही. बोलणाऱ्याने किंवा विचार करणाऱ्याने ज्या क्षणी विचार केला त्या क्षणाचा काळ आपण कायम ठेवतो. म्हणून इंग्रजीत काळ ही खूण जेथे मुकी होते, तेथे मराठीत ती बोलू लागते.

तथापि मराठीलाही मौन पाळण्याचा एक मार्ग आहे. 'ही प्रॉमिस्ड टु पे व्हेन ही केम बॅक' या वाक्यात वचन परत आल्यावर दिले की पैसे परत आल्यावर द्यावयाचे, हे स्पष्ट नाही. 'परत आल्यावर पैसे देण्याचे त्याने कबूल केले' असे भाषांतर केले तर तीच संदिग्धता मराठीत जशीच्या तशी उतरते. कारण 'आल्यावर' हे धातुसाधित तुमन्ताप्रमाणेच काळरहित आहे. 'परत येईन तेव्हा पैसे देईन असे त्याने कबूल केले' किंवा 'परत आला तेव्हा त्याने पैसे देण्याचे कबूल केले' असे म्हटले की निवड झाली. मूळ लेखकाने निवड केलेली नसेल, किंवा ती कोणती हे संदर्भावरून ठरत नसेल, तर भाषांतरकाराने '-ल्यावर' या रूपाचा आश्रय घेणे अधिक प्रामाणिकपणाचे होय.

कारणवाक्यात नकार मिसळला म्हणजे आणखी एक पेच पडतो. 'ही डिसायडेड नॉट टु रिझाइन बिकॉज हिज फ्रेंड्स हॅड रिझाइन्ड.' मित्रांनी राजीनामे दिले हे त्याच्या राजीनामा न देण्याचे कारण आहे, असा एक अर्थ. केवळ मित्रांनी दिले एवढ्याच कारणासाठी आपण राजीनामा द्यावयाचा नाही, असा दुसरा; या अर्थी तो अन्य कारणासाठी राजीनामा देण्यास मोकळा आहे. पहिल्या अर्थी नकार तुमन्तापुरता आहे, दुसऱ्यात तो कारणालाही आपल्या कक्षेत घेतो. येथे मराठीलाही आपोआप स्पष्टता लाभत नाही. 'मित्रांनी राजीनामे दिले म्हणून राजीनामा न देण्याचे त्याने ठरवले' हे वाक्य पहिल्या अर्थाकडे झुकते खरे, पण दुसरा अर्थ सांगावयाचा तर 'मित्रांनी दिले एवढ्यासाठी आपण राजीनामा द्यावयाचा नाही, असे त्याने ठरवले' अशी रचना जाणूनबुजून करावी लागते.

६. संविधानातील एक उदाहरण

आतापर्यंतची उदाहरणे विवेचनासाठी रचलेली होती. आता भारतीय संविधानातील एका तरतुदीचा विचार करू. अनुच्छेद ४५ च्या मूळ पाठात राज्याला एक निदेश होता: सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी प्रयत्न करावा. त्यातील पूर्ण क्रियापद 'शॅल एन्डेव्हर', म्हणजे प्रयत्न करील, हे होते. त्याच्यामागून 'टु प्रोव्हाइड' हे तुमन्त येत होते. या दोन क्रियापदांबरोबर दोन कालनिर्देश होते. एक, संविधानाच्या प्रारंभापासून दहा वर्षांच्या आत, असा पदसमूह. दुसरा, बालके वयाची चौदा वर्षे पूर्ण करीपर्यंत, असे 'अन्टिल'ने आरंभ होणारे गौणवाक्य.

दुसऱ्या निर्देशाविषयी मतभेदाला जागा नाही. तो वाक्याच्या शेवटी, मुख्य क्रियापदापासून दूर होता, आणि त्यातील सर्वनाम बालकांना उद्देशून होते. चौदा वर्षांपर्यंत चालावयाचे ते शिक्षण, राज्याचा प्रयत्न नव्हे. स्थान आणि अर्थ दोन्ही एकाच बाजूला आहेत. पहिल्या निर्देशाचे तसे नाही. दहा वर्षांची मर्यादा प्रयत्नाला आहे की शिक्षणाची तरतूद करण्याला? केवळ अर्थ पाहिला तर दोन्ही संभवतात. दहा वर्षांच्या आत प्रयत्न करावयाचा असेल तर नवव्या वर्षी केलेल्या प्रयत्नानेही निदेश पाळला गेला. दहा वर्षांच्या आत तरतूद व्हावी यासाठी प्रयत्न करावयाचा असेल तर प्रयत्नाचे लक्ष्यच कालबद्ध ठरते, आणि ती मुदत २६ जानेवारी १९६० रोजी संपते.

येथे दुसऱ्या भागातील नियम उपयोगी पडतो. मसुदाकारांनी हा पदसमूह 'प्रोव्हाइड' आणि त्याची 'फॉर'ने सुरू होणारी पूर्ती यांच्या मध्ये, दोन स्वल्पविरामांत बसवला होता. पूर्ती लांब असल्यामुळे ती शेवटी गेली आणि कालमर्यादा धातूला लागून राहिली. धातू व पूर्ती यांच्या मध्ये बंदिस्त झालेला हा पदसमूह 'एन्डेव्हर'कडे जाऊ शकत नाही. म्हणजे वाक्यरचनेने निर्णय दिलेला आहे: मर्यादा तरतुदीला आहे.

आता याचे मराठीकरण दोन प्रकारे करून पाहू.

(क) चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची तरतूद दहा वर्षांच्या आत करण्याचा राज्य प्रयत्न करील.

(ख) चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची तरतूद करण्याचा प्रयत्न राज्य दहा वर्षांच्या आत करील.

दोन्ही वाक्ये शुद्ध मराठी आहेत, दोहोंत शब्दही तेच आहेत. परंतु पहिले मूळ पाठाशी इमान राखते आणि दुसरे राज्याला सोपी वाट काढून देते. 'दहा वर्षांच्या आत' हा पदसमूह वाक्याच्या अगदी आरंभी ठेवला असता तर तो दोन्ही क्रियापदांना उपलब्ध राहिला असता, आणि मुळात नसलेली संदिग्धता भाषांतराने निर्माण केली असती.

निदेशक तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत, असे अनुच्छेद ३७ सांगतो. म्हणून या शब्दक्रमाला महत्त्व नाही, असे कोणी म्हणेल. परंतु १९९३ च्या उन्नीकृष्णन विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या निर्णयात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदात कालमर्यादा घातलेली आहे, या गोष्टीला विशेष महत्त्व दिले. पुढे २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१-अ मध्ये समाविष्ट केला, आणि अनुच्छेद ४५ चा पाठ बदलून तो सहा वर्षांखालील बालकांपुरता ठेवला. दहा वर्षांचा पदसमूह त्यातून गेला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०१० पासून अंमलात आली.

७. मराठीची उलट दिशा

वरील विवेचनावरून दोन्ही भाषांतील मूलभूत भेद ध्यानात येईल. इंग्रजीत क्रियापद आधी आणि त्याचा परिवार मागून. म्हणून संदिग्धता वाक्याच्या शेवटी साठते. मराठीत परिवार आधी आणि क्रियापद शेवटी. म्हणून ती वाक्याच्या आरंभी साठते. 'त्याने घाईघाईने निघण्याचा निर्णय घेतला' या वाक्यात घाई निघण्याची की निर्णयाची, हे सांगता येत नाही. 'निघण्याचा निर्णय त्याने घाईघाईने घेतला' असे म्हटले की निर्णयाची घाई स्पष्ट होते. इंग्रजीत मुख्य क्रियापदाचे क्रियाविशेषण पुढे, वाक्यारंभाकडे नेऊन संशय फेडला जातो. मराठीत तेच मागे, वाक्यान्ताकडे नेऊन फेडला जातो. म्हणून इंग्रजी वाक्यातील शेवटचा मजकूर मराठीत सवयीने आरंभी नेणारा भाषांतरकार तो एका संदिग्ध जागेतून उचलून दुसऱ्या संदिग्ध जागेत ठेवीत असतो.

इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची अडचण याच्या उलट आहे. 'काळजीपूर्वक वाचणे' या क्रमाची सवय असल्याने त्याच्या लेखणीतून 'टु केअरफुली रीड' सहज उतरते. ते खोडताना ते चूक आहे असे सांगण्याऐवजी, कर्म लहान असता क्रियाविशेषण कर्मानंतर ठेवणे इंग्रजीला अधिक रुचते, आणि जागा बदलल्याने अर्थ बदलत असेल तर दुभंगच राखावा, असे सांगणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

व्यवहारासाठी या सर्वांचा निष्कर्ष तीन कसोट्यांत सांगता येतो. तुमन्तानंतरचा मजकूर धातू व त्याची पूर्ती यांच्या मध्ये आहे काय, हे प्रथम पाहावे. असल्यास तो तुमन्ताचाच. नसल्यास तो वाक्याच्या आरंभी नेऊन पाहावा: 'व्हेन ही केम बॅक, ही प्रॉमिस्ड टु पे' असे केल्यावर तो मजकूर मुख्य क्रियापदाकडे झुकतो, तेव्हा हे वाक्य मूळ संदर्भात बसत नसेल तर तो मजकूर तुमन्ताचा होता असे समजावे. शेवटी, गौणवाक्यातील क्रियापदाला मराठीत कोणता काळ द्यावा हे ठरवावे. भविष्यकाळ देणे भाग पडत असेल तर ते वाक्य तुमन्ताच्या आश्रयाचे आहे, हे जवळजवळ निश्चित. या तिन्ही कसोट्यांवर जे वाक्य दोन्ही बाजूंना टिकते, ते मुळातच संदिग्ध होय. आणि त्याची संदिग्धता मराठीत राखावयाची की मोडावयाची, हे भाषांतरकाराने जाणतेपणी ठरवले पाहिजे.